पगार वाढला की टॅक्सच खातो, मग प्रमोशन घेऊ कशाला?

पत्र: ताई नमस्कार. मी वाळूज एमआयडीसीत एका ऑटो पार्ट्सच्या कंपनीत शिफ्ट इंजिनीअर आहे. सध्या कंपनीचा पीएफ सोडून वर्षाचा ग्रॉस 12 लाख 60 हजार, बेसिक महिन्याला 52 हजार, नवीन रेजीममध्ये टॅक्स शून्य. आता असिस्टंट मॅनेजरचं पत्र हातात आलंय, ग्रॉस 13 लाख 40 हजार. एचआरने जी शीट पाठवली त्यात टॅक्स दाखवलाय 72,540 रुपये. म्हणजे 80 हजार वाढणार आणि माझ्या हातात वर्षाचे साडेसात हजार येणार, आणि त्याच्यासाठी महिन्यातला एक आठवडा रात्रीची जबाबदारी. माझे साडू हिंजवडीत आयटीत आहेत, त्यांचं म्हणणं की आपल्याकडे जास्त कमावणाऱ्याला शिक्षाच आहे, सगळ्यांना सरसकट 10 टक्के लावा म्हणजे लोक मन लावून काम करतील. घरी बायको मेस चालवते, खर्च जाऊन वर्षाला साडेतीन लाखांच्या आसपास सुटतात. तिला एका हॉस्टेलची मोठी ऑर्डर आलीय पण ती म्हणते नको, तुमच्या पगारात मिळून अजून टॅक्स लागेल. आणि कहर म्हणजे मेसमध्ये पोळ्या करायला येतात त्या मावशीपण म्हणतात पगार वाढवू नका. सगळ्यांनाच कमी कमवायचंय असं झालंय. प्रमोशन नाकारू का? — वाळूजचा एक वाचक

उत्तर:

दादा, नाकारू नका. पण तुम्हाला जे वाटलं ते उगाच वाटलेलं नाही हे आधी मान्य करते, कारण असं पत्र आलं की नव्वद टक्के सल्लागार "अहो स्लॅब म्हणजे काय ते समजून घ्या" असं म्हणून गप्प करतात, आणि बहुतेक लोकांच्या बाबतीत ते बरोबरही असतं. तुमच्या बाबतीत नाहीये. तुमचा पगार बरोब्बर त्या एका जागी येऊन पडलाय जिथे वाढ खरंच टॅक्समध्ये जाते.

तरी आधी स्लॅबचं उरकून टाकू, कारण शॉपफ्लोअरवर अजूनही मंडळी म्हणतात "पुढच्या स्लॅबमध्ये गेलो की सगळ्या पगाराला तो रेट लागतो". नाही लागत. 2025 च्या बजेटमध्ये नवीन रेजीमचे (दर कमी पण बहुतेक वजावटी बंद, अशी टॅक्सची पद्धत) जे दर आले ते असे, पहिल्या 4 लाखांवर काही नाही, 4 ते 8 वर 5 टक्के, 8 ते 12 वर 10, 12 ते 16 वर 15, मग 20, 25 आणि 24 लाखांच्या वर जे असेल तेवढ्यालाच 30. प्रत्येक दर फक्त त्या त्या टप्प्यातल्या पैशाला. ज्याचं करपात्र उत्पन्न 24 लाख आहे त्याचा टॅक्स सेस (टॅक्सवर लागणारा जादा कर) सोडून 3 लाख होतो, म्हणजे सरासरी साडेबारा टक्के, आणि ऑफिसात तो सांगत काय फिरतो तर "मी तीस टक्केवाला". असो.

आता तुमचा खड्डा. 12 लाखांच्या करपात्र उत्पन्नावर स्लॅबप्रमाणे टॅक्स बसतो 60 हजार, आणि सरकार 60 हजारांचीच रिबेट देऊन तो शून्य करतं. पगारदाराला वर 75 हजार स्टँडर्ड डिडक्शन, म्हणजे पगारातून सरसकट वजा होणारी रक्कम, म्हणून 12 लाख 75 हजारांपर्यंत ग्रॉस असेल तर काहीच नाही. पण रिबेट ही 12 लाखांवर तुटते, म्हणजे एक रुपया वर गेला की आख्खे 60 हजार परत अंगावर यायला हवेत. तसं होऊ नये म्हणून मार्जिनल रिलीफ ठेवलाय, 12 लाखांच्या वर जेवढे गेलात त्याच्यापेक्षा जास्त टॅक्स घ्यायचा नाही. ऐकायला चांगलं वाटतं. पण नीट बघा, "जेवढे वर गेलात तेवढाच टॅक्स" म्हणजे वरचा प्रत्येक रुपया पूर्ण जाणार, शंभर टक्के. आणि त्याच्यावर 4 टक्के सेस वेगळा, तो रिलीफ दिल्यानंतरच्या टॅक्सवर लावतात, म्हणजे शंभर रुपये जास्त कमावले तर 104 द्यायचे. तीस टक्केवाल्या साडूंपेक्षा तुमचा शेवटच्या रुपयाचा दर तिप्पट झाला की हो.

तुमचं गणित. 13,40,000 मधून 75,000 गेले, राहिले 12,65,000. स्लॅबप्रमाणे टॅक्स 69,750, त्यावर सेस धरून 72,540, तुमच्या एचआरने इथेच पेन खाली ठेवलं. रिलीफ लावला की टॅक्स 65,000 वर थांबतो, सेस 2,600, एकूण 67,600. म्हणजे शीट चुकीची आहे, जवळजवळ पाच हजारांनी, तेवढं त्यांच्या लक्षात आणून द्या, आणि त्यांनी टीडीएस तसाच कापला तरी रिटर्न भरताना परत मिळतो पण मग वर्षभर तुमचे पैसे कशाला अडकवायचे. हातात वाढ किती? 80,000 वजा 67,600, बारा हजार चारशे. महिन्याला हजारेक रुपये. तुमच्या शेजारच्या केबिनमध्ये कोणी 12 लाख 75 हजारवाला बसला असेल तर तो तुमच्यापेक्षा वर्षाला 2,600 रुपये जास्त घरी नेणार, पगार 65 हजारांनी कमी असून. हे विचित्र आहे, मी ह्याचं समर्थन करणार नाही.

पण हा खड्डा आहे किती रुंद? 12 लाख 75 हजारांपासून साधारण 13 लाख 49 हजारांपर्यंत. बस. 13,49,000 ला तुम्ही 12,75,000 वाल्याच्या बरोबरीला येता आणि त्याच्या पुढे शंभरातले 84 रुपये 40 पैसे तुमचे. पुढच्या एकदोन वर्षांत ग्रॉस 14 लाख 40 हजार झाला असं धरा, टॅक्स होईल 88,140. म्हणजे आता जो 80 हजारांना 67,600 गेला तो पुढच्या एक लाखाला फक्त 20,540 जाईल. आणि प्रमोशन नाकारलंत तरी साधं वार्षिक इन्क्रिमेंट काय थांबणारेय का, सहा-सात टक्के जरी मिळाले तरी तुम्ही पहिल्याच इन्क्रिमेंटला त्याच खड्ड्यात येऊन पडणार, फक्त असिस्टंट मॅनेजर न होता. तेलही गेलं आणि तूपही गेलं. ह्यातून लवकर पलीकडे जाणं हाच त्याच्यावर इलाज आहे, अलीकडे बसून राहणं नाही.

आणि एक गंमत सांगते जी तुमच्या एचआरने सांगायला हवी होती. नवीन रेजीममध्ये 80सी (पीएफ, विमा वगैरेची वजावट), मेडिक्लेम वगैरे सगळं बंद झालं पण कंपनी तुमच्या एनपीएसमध्ये (नॅशनल पेन्शन सिस्टीमच्या खात्यात) जे पैसे टाकते त्याची वजावट चालू आहे, बेसिक अधिक डीएच्या 14 टक्क्यांपर्यंत, आणि 2024 च्या बजेटपासून प्रायव्हेटवाल्यांनाही पूर्ण 14. तुमचं बेसिक वर्षाला 6,24,000, त्याचे 14 टक्के 87,360. तुम्हाला लागणार फक्त 65 हजार. कंपनीला म्हणा मला 13,40,000 तेच ठेवा पण त्यातले 65 हजार स्पेशल अलाउन्समधून काढून कंपनीचं एनपीएस योगदान म्हणून टाका. करपात्र उत्पन्न झालं बरोब्बर 12 लाख, टॅक्स शून्य, सेस शून्य. आता दोन्ही बाजू शेजारी ठेवून बघा. एनपीएस न करता रोख वाढ 12,400. एनपीएस करून रोख पगार 12,75,000, म्हणजे आजच्यापेक्षा 15,000 जास्त, आणि वर 65 हजार तुमच्याच नावावर पेन्शनमध्ये जमा. रोखसुद्धा जास्त! मी हे लोकांना सांगते तेव्हा पहिल्यांदा कोणाचा विश्वास बसत नाही, कॅल्क्युलेटर घेऊन बसतात.

दोन अटी. एक, हे पैसे म्हातारपणासाठी अडकतात, घराचा हप्ता नाहीतर पोराची फी भरायला उद्या काढून मिळणार नाहीत, त्यामुळे ज्याच्या घरात आत्ताच ओढाताण आहे त्याने विचार करून करावं. दोन, तुमच्या एफडीचं आणि सेव्हिंगचं व्याज विसरू नका, नवीन रेजीममध्ये त्याला सूट नाही, 8 हजार व्याज असेल तर 12 लाखांच्या वर 8 हजार गेलातच आणि ते पूर्ण जातील, वर सेस वेगळा. म्हणून 65 न सांगता 75 हजार सांगा. शेअरच्या नफ्याचं गणित वेगळं आहे, त्याला जे खास दर लागतात त्यावर ही रिबेट चालत नाही, ते असेल तर परत लिहा. कंपनीकडे कॉर्पोरेट एनपीएस नसेलच तर मात्र 12,400 घेऊन पुढे चला.

(जुनी रेजीम घेऊ का असं पुढचं पत्र येणारच, म्हणून आत्ताच: 80सीचे दीड लाख आणि गृहकर्जाच्या व्याजाचे पूर्ण 2 लाख धरले तरी तुमच्या नवीन पगारावर तिकडे टॅक्स 1,04,000 होतो. नको.)

आता साडू.

सरसकट 10 टक्के म्हणजे कोणाला काय लागेल ते मांडून बघू, म्हणजे त्यांचं ह्या कल्पनेवर एवढं प्रेम का ते कळेल. त्यांचं करपात्र उत्पन्न 40 लाख असेल असं धरते, आयटीतला सिनियर माणूस म्हणजे फार चुकणार नाही. आज त्यांना टॅक्स लागतो 8,11,200. सरसकट दहाने लागेल 4 लाख. तुम्हाला नवीन पगारावर आजच्या दराने 67,600, तेव्हा लागेल 1,26,500. आणि तुमच्या लाईनवर जो काँट्रॅक्टचा हेल्पर आहे, महिना 11 हजारवाला, तो आज इन्कम टॅक्सच्या जवळपासही नाही, त्याला वर्षाचे 13,200 द्यावे लागतील. एका पगारापेक्षा जास्त. "सगळ्यांना सारखं" ह्या वाक्यात एवढं सगळं लपलेलं असतं. टक्का सारखा असला म्हणून त्रास सारखा होत नाही. साडूंचे 4 लाख गेले तर परदेशची ट्रिप जाईल, हेल्परचे 13 हजार गेले तर एक महिना घरात पैसाच नाही. चढता कर ज्यांनी आणला त्यांचा मुद्दा एवढाच आहे, त्यात शिक्षेचा काही संबंध नाही.

आणि सरसकट दराच्याही पुढची पायरी आपल्याकडे आहे, तुम्ही दर महिन्याला स्लिपवर बघता. प्रोफेशनल टॅक्स. महिन्याला 200, फेब्रुवारीत 300, वर्षाचे 2,500. महाराष्ट्रात हा 1975 साली रोजगार हमी योजनेला पैसा हवा म्हणून आला, आणि घटनेतच वर्षाला 2,500 ची वरची मर्यादा आहे त्यामुळे मोठ्या पगारावर तो वाढवताच येत नाही. तुमच्या त्या 11 हजारवाल्या हेल्परलाही 2,500, तुम्हालाही 2,500, कंपनीच्या एमडीलाही 2,500. हेल्परच्या पगाराचे जवळजवळ 1.9 टक्के, तुमच्या नवीन पगाराचे 0.19 टक्के. दहापट फरक, आणि तोही उलट्या बाजूला. उतरता कर म्हणतात तो हाच, जसजसे कमवाल तसतसा भार हलका. (बायकांना 25 हजार महिन्यापर्यंत माफ केलाय, हे चांगलं झालं, पुरुष हेल्परला नाही.) जीएसटीचंही तसंच, साबणाच्या वडीवर तुम्ही 5 टक्के देता, तोही 5, मोबाईल रिचार्जवर दोघेही 18, पण त्याचा सगळा पगार खर्च होतो आणि साडूंचा निम्मा एसआयपीत जातो ज्याच्यावर तसला काही जीएसटी नाही. तेव्हा "मी टॅक्स भरतो आणि बाकीचे फुकट" असं जेव्हा लग्नाच्या पंगतीत कोणी बोलतं ना, तेव्हा मला वाढप्याकडे बघून हसू येतं.

मग चढत्या दराने माणूस कमी काम करतो हे खोटं का? खोटं नाही, किती चढता ह्यावर आहे. आपल्याच देशात ह्याचा प्रयोग होऊन गेलाय. 1973-74 साली वरचा दर होता 97.75 टक्के, 85 टक्के कर आणि त्यावर 15 टक्के अधिभार, 2 लाखांच्या वरच्या उत्पन्नाला. शंभर रुपये जास्त कमावले तर सव्वादोन रुपये तुमचे. स्लॅब अकरा. अर्थमंत्री कोण, तर आपले यशवंतराव चव्हाण. लोकांनी काम सोडलं का? डॉक्टरांनी दवाखाने बंद केले का, सिनेमावाल्यांनी सिनेमे? नाही. त्यांनी पैसे दाखवणं बंद केलं. काळ्या पैशावर नेमलेल्या वांच्छू समितीने 1971 मध्येच सांगितलं होतं की हे दरच लोकांना चोरी शिकवतायत, वरचा दर 75 पर्यंत आणा, आणि 1974-75 च्या बजेटमध्ये यशवंतरावांनीच तो 77 टक्क्यांवर आणला. पुढे व्ही. पी. सिंगांनी 1985 ला 50, मनमोहन सिंगांनी 40, आणि 1997 ला चिदंबरम यांनी 30. तेव्हापासून मूळ दर तिथेच आहे, अतिश्रीमंतांना अधिभार सोडला तर.

तर 97 टक्क्यांना लोक बिथरतात हे नक्की. पण 15 चे 20 झाले म्हणून शिफ्ट इंजिनीअर आठ तासांऐवजी सात तास काम करतो असं मला तरी कुठे दिसलेलं नाही. पगारदाराला मुळात निवडच कुठे असते, कंपनी थोडीच विचारते की तुम्ही ह्या वर्षी किती कमावणार. उलट कित्येक घरांत टॅक्स कापून हातात कमी आलं तर हप्ता भरायचा म्हणून माणूस ओव्हरटाईम मागतो. टॅक्सला बघून खरोखर कमी-जास्त कोण करतं? ज्याच्या हातात काम घेणं न घेणं आहे तो. धंदेवाला, क्लासेसवाला, आणि घरातली दुसरी कमावती व्यक्ती. म्हणजे तुमच्या बायको. तुम्ही प्रमोशनवर दीड पान लिहिलंत आणि त्यांच्या ऑर्डरवर दोन ओळी, मला विचाराल तर ह्या पत्रातला खरा पैसा त्या दोन ओळींत आहे.

वहिनींना सांगा, भारतात नवरा-बायकोचं उत्पन्न एकत्र करत नाहीत. त्यांचं खातं वेगळं, तुमचं वेगळं. त्यांचं उत्पन्न तुमच्या 13 लाखांच्या डोक्यावर जाऊन बसत नाही, ते शून्यापासून सुरू होतं. 4 लाखांपर्यंत टॅक्सच नाही, 12 लाखांपर्यंत रिबेटने शून्य. हॉस्टेलची ऑर्डर घेऊन साडेतीनचे सहा झाले, आठ झाले, तरी एक रुपया नाही. फक्त 4 लाखांच्या वर गेल्या की रिटर्न भरणं सक्तीचं होतं, तो भरायचा, आणि नफा नाही तर एकूण विक्री वर्षाला 20 लाखांच्या वर जायला लागली की जीएसटी नोंदणीचं बघायचं, तोपर्यंत डोक्याला ताप नाही. हे जर्मनीत असतं तर वहिनींची भीती खरी ठरली असती. तिथे दोघांचं उत्पन्न एकत्र धरून निम्मं-निम्मं करून टॅक्स लावतात, त्यात एकटा कमावणारा खूश असतो पण बायको कामाला लागली की तिच्या पहिल्या युरोलाच नवऱ्यामुळे चढलेला वरचा दर लागतो. तिकडे गेलेल्या आपल्या बऱ्याच मुली "पाच नंबरच्या टॅक्स क्लास"च्या नावाने बोटं मोडतात ते त्याच्यासाठी. इथे तसं नाहीये, तर न मिळणाऱ्या दंडाला घाबरून ऑर्डर कशाला सोडायची.

एक मात्र तपासा. मेसच्या काउंटरवर जो क्यूआर कोड चिकटवलाय तो कोणाच्या नावाचा आहे? दहातल्या सात ठिकाणी नवऱ्याचा असतो, कारण त्याच्याकडे आधी ॲप होतं. मग डब्याचे पैसे रोज तुमच्या खात्यात पडतात आणि कागदावर ती तुमची कमाई दिसते, जी आता तुमच्या त्या खड्ड्यात जाऊन पडेल. वहिनींच्या नावाचं चालू खातं, त्यांचा कोड, गॅस-किराण्याची बिलं त्यांच्या नावाने. आणि उलटी हुशारी करू नका, म्हणजे तुमचा पगार त्यांच्या नावाने एफडीत टाकला तर त्याचं व्याज कायद्याने तुमच्यातच मोजतात.

राहिल्या मावशी. तुम्ही "कहर" म्हणालात, पण ह्या सगळ्या पत्रात सगळ्यात पक्का हिशोब त्यांचा आहे. त्यांनी तुम्हाला कारण सांगितलं नसेल, मी अंदाजाने सांगते, लाडकी बहीण. महिना 1,500, वर्षाचे 18 हजार, आणि अट अशी की कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न अडीच लाखांच्या आत. समजा त्यांचे यजमान आणि त्या मिळून 2 लाख 40 हजार कमावतात. तुम्ही मोठ्या मनाने महिन्याला हजार वाढवलेत, वर्षाचे 12 हजार, झाले 2 लाख 52 हजार. नियमाने 18 हजार बंद. बारा मिळाले आणि अठरा गेले. शंभराला दीडशे. तुमच्या त्या 104 ला तुम्ही आणि साडू एवढे वैतागलात, बाईंना 150 लागतोय, मार्जिनल रिलीफ नाही, एनपीएस नाही, त्यांची बाजू मांडायला कोणी सल्ला सदर लिहीत नाही. पगारवाढ नको पण अट आवर अशी गत. पिवळं-केशरी रेशनकार्ड असेल तर उत्पन्नाचा दाखला मागितला नाही हे खरं, पण अट आहे ती आहेच, आणि ती आपल्याला कधी लागेल ह्या धास्तीने त्या वाढ नाकारतात.

असे खड्डे खालच्या बाजूला खूप आहेत. तुमच्या लाईनवरच्या एखाद्या ऑपरेटरची मुलगी इंजिनीअरिंगला असेल तर विचारा. ईडब्ल्यूएस, एसईबीसी, ओबीसीतल्या मुलींना 2024-25 पासून व्यावसायिक कोर्सची ट्यूशन आणि परीक्षा फी पूर्ण माफ, चांगली योजना आहे, पण कुटुंबाचं उत्पन्न 8 लाखांच्या आत हवं. 7 लाख 90 हजारवाल्या बापाला 20 हजारांचा ओव्हरटाईम आला आणि मुलीची फी लाखभर असेल तर त्या 20 हजारांपायी लाख गेले. तो ओव्हरटाईम नाकारतो तेव्हा त्याला आळशी म्हणणारा सुपरवायझर मी पाहिलाय. कर चढता ठेवला आणि सवलत मात्र एका रुपयावर तोडली की असंच होतं, हळूहळू कमी करत नेली असती तर कोणी दाखल्यासाठी खोटं बोललं नसतं. लोक काम चुकवतात म्हणून जे ओरडतात त्यांनी आधी ह्या 2.5 लाख आणि 8 लाखांच्या रेषा बघाव्यात, 30 टक्क्यांच्या स्लॅबवर नंतर बोलू.

मावशींना रोखीत देऊन कागदावर कमी दाखवू नका, उद्या चौकशी झाली तर वसुली त्यांच्याकडून होईल, तुमच्याकडून नाही. हॉस्टेलची ऑर्डर घेतलीत तर पोळ्या दुप्पट होणार आहेत, तेव्हा हजाराने न वाढवता अडीच-तीन हजारांनी वाढवा. तीन हजार म्हणजे वर्षाचे 36 हजार, योजनेचे 18 गेले तरी 18 वर राहिले. आधी मावशींबरोबर बसून त्यांच्या घरचं एकूण उत्पन्न विचारून हा हिशोब कागदावर करून दाखवा, मग ठरवू दे त्यांना. ऑर्डरचा दर ठरवतानाच ही वाढ धरून बोला, नाहीतर नंतर वहिनींच्या नफ्यातून जाईल.

एचआरला मात्र ह्याच आठवड्यात मेल टाका, सही करायच्या आधी. रिलीफ लावून शीट दुरुस्त करा आणि 75 हजार कंपनीच्या एनपीएस योगदानात घाला, एवढ्या दोनच ओळी. बऱ्याच कंपन्या पगाराचं स्ट्रक्चर वर्षातून एकदाच बदलू देतात. आणि त्या रात्रपाळीच्या आठवड्याचा वेगळा भत्ता आहे का ते पत्रात कुठेच दिसलं नाही, तेही त्याच मेलमध्ये विचारून घ्या, भत्ता असेल तर तो 13 लाख 40 हजारांच्या वर येईल आणि त्या हिशोबाने एनपीएसचा आकडा वाढवावा लागेल, 87 हजारांपर्यंत जागा आहे तुमच्याकडे.